डाळिंबाची साल : पोलादाच्या आम्लक्षरणावरील नैसर्गिक निरोधक

वेळापूरचा परिसर ऊसपट्ट्यात मोडतो. साखर कारखान्यांतील नळ्यांवर साचलेले क्षारांचे थर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने काढले जातात. त्याचवेळी पोलादही झिजते व हायड्रोजन वायू मुक्त होतो. म्हणून आम्लात क्षरणनिरोधक मिसळतात; परंतु अनेक कृत्रिम निरोधक विषारी असतात.

सोलापूरच्या डाळिंबास २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. रस काढल्यावर टाकाऊ ठरणाऱ्या सालीत टॅनिन विपुल असते. सालीच्या अर्कातील टॅनिनचे रेणू पोलादाच्या पृष्ठभागावर अधिशोषित होऊन पातळ थर बनवितात. त्यामुळे आम्लाचा धातूशी संपर्क घटतो. मात्र तापमान वाढल्यास रेणू सुटू लागतात व संरक्षण प्रायः कमी होते. म्हणून वापरापूर्वी कारखान्यातील प्रत्यक्ष तापमानास पोलादी पट्टीची वजनघट मोजणे अगत्याचे आहे.