रक्तातील वारसा

आईबापांकडून मुलांना घर मिळते, शेत मिळते. तसा रक्तातला दोषही मिळतो. रक्तातील कोलेस्टेरॉल हा मेणासारखा पदार्थ यकृताच्या पेशी ओढून घेतात. काही कुटुंबांत ही शक्तीच जन्मतः उणी असते, हे अमेरिकेतील डॅलस येथील डॉ. ब्राउन व डॉ. गोल्डस्टीन ह्यांनी दाखवून दिले. ह्या संशोधनाबद्दल त्यांना १९८५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. सुमारे २५० माणसांत एकास हा दोष असतो. आईबापांपैकी एकास असल्यास प्रत्येक अपत्यास तो येण्याचा संभव निम्मा. मिताहारी, सडपातळ माणूसही त्यातून सुटत नाही. म्हणून ज्या घरात कोणी अकाली हृदयविकाराने गेले असेल, तेथील मुलाबाळांचेही रक्त तपासून घ्यावे. वेळीच कळल्यास औषधाने दोष आटोक्यात राहतो. ‘देवाची इच्छा’ म्हणून स्वस्थ बसणे बरे नव्हे.