गोळ्या चालू, गाठी वाढत्या

मेंदूच्या क्षयाची रुग्ण दोन महिने नेमाने गोळ्या घेते. ताप उतरतो, अंगावर थोडं मांस चढतं. मग एका सकाळी डोकं फुटायची वेळ येते, उलट्या सुरू होतात, हात जड पडतो. नव्या एमआरआयमध्ये जुन्या गाठी फुगलेल्या, शेजारी नव्याही दिसतात. मी फिल्म उजेडाला धरते तेव्हा नवरा विचारतो, "मॅडम, औषध लागूच पडत नाहीये का?"

बहुधा ते लागू पडत असतं. जंतू मरताना त्यांचे तुकडे मोकळे होतात आणि सावरलेली प्रतिकारशक्ती त्यांच्यावर तुटून पडते. लसीकाग्रंथीवरची सूज माणूस सोसतो. कवटीत सुजेला जागाच नसते.

तरी एवढ्यावर निदान करायचं नाही. आधी गोळ्यांची रिकामी पाकिटं मोजते, एचआयव्हीचा रिपोर्ट पाहते. पाठीतलं पाणी पुन्हा सीबीनॅट या जनुकीय तपासणीला जातं, कारण रिफॅम्पिसिन या क्षयाच्या मुख्य औषधाला दाद न देणारा जंतू असाच फसवतो. मेंदूत पाणी साठलं असेल तर ते वाहून नेणाऱ्या नळीसाठी, शंटसाठी, न्यूरोसर्जन गाठावा लागतो.

या शंका फिटल्या की क्षयाच्या गोळ्या तशाच चालू ठेवून सूज उतरवायला स्टेरॉइड वाढवायचं. क्षयाच्या मेंदूज्वरात डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने मृत्यू कमी होतात, हे व्हिएतनाममधल्या 2004 च्या अभ्यासाने दाखवलं; अपंगत्व मात्र त्याने घटलं नव्हतं. शिवाय रिफॅम्पिसिनमुळे यकृत स्टेरॉइड लवकर मोडतं, त्यामुळे नेहमीचा डोस तोकडा पडू शकतो. खरी कसोटी पुढे, डोस उतरवताना लागते. साखर चढलेली, चेहरा सुजलेला, झोप उडालेली. म्हणून गोळी कमी करावी, तर डोकेदुखी परत येते. ही ओढाताण कित्येक महिने चालते.

काहींना स्टेरॉइड पुरत नाही. तिथे थॅलिडोमाइड कामी येतं: हजारो बाळांना गर्भातच व्यंग देऊन 1961 मध्ये बाजारातून मागे घेतलेलं तेच औषध. दक्षिण आफ्रिकेत मुलांवरच्या चाचणीत मोठा डोस बाधला. पुढे कमी डोसात गाठींवर त्याचा उपयोग दिसला. तरुण बाईला ते द्यायचं तर गर्भ नसल्याची खात्री आणि पक्कं गर्भनिरोधन हवंच. नवरा बाहेर थांबतो, आम्ही दोघी बोलतो. इन्फ्लिक्सिमॅब हा आणखी एक पर्याय. एरवी सुप्त क्षय जागा करणारं हे इंजेक्शन इथे सूज उतरवायला वापरतात. वेल्लोरच्या डॉक्टरांनी त्याचे अनुभव मांडले आहेत. तरी ते मी शेवटी ठेवते.

तिच्या केसपेपरवर उतरत्या डोसांच्या तारखा लिहून देते. खाली मोठ्या अक्षरात: डोकं पुन्हा दुखू लागलं तर मनाने गोळी वाढवू नका, बंदही करू नका, त्याच दिवशी या.