कोपऱ्यातलं लाल बटण

नागपुरात बर्डीवरच्या एका झेरॉक्सच्या दुकानात परवा फॉर्म भरायला गेलो होतो. कॉम्प्युटरवर पन्नासेक टॅब उघडे आणि वर उजव्या कोपऱ्यात क्रोमचं लाल बटण, अपडेट मागणारं. लाल म्हणजे दुरुस्ती येऊन आठवडा उलटला. दुकानातल्या भाऊंना म्हटलं, हे दाबत का नाही? "राहू द्या न सर, बंद केलं तर सगळे टॅब जातात."

याच कॉम्प्युटरवर दिवसभर लोकांचे आधार आणि बँकेचे पासवर्ड टाइप होतात.

ब्राउझरमधलं एक भोक किती महागात पडू शकतं, ते सप्टेंबर २०२३ मध्ये दिसलं. टोरांटो विद्यापीठातल्या सिटिझन लॅबला एका आयफोनमध्ये पेगॅसस हे हेरगिरीचं सॉफ्टवेअर सापडलं. नागपूरकरांना ही लॅब अनोळखी नसावी. २०१९ मध्ये व्हॉट्सॲपच्या कॉलमधून याच पेगॅससने जगभरातल्या सुमारे १,४०० लोकांना लक्ष्य केल्याचं उघड झालं, त्यात आपल्या शहरातला एक वकीलही होता. आणि तेव्हा लोकांना सावध करण्यात हीच लॅब पुढे होती.

२०२३ च्या शोधानंतर ॲपलने ७ सप्टेंबरला आयफोनची दुरुस्ती काढली. त्याच सुमारास ॲपल आणि सिटिझन लॅबने गूगललाही एक चूक कळवली. ती होती वेबपी नावाची चित्रं उलगडणाऱ्या कोडमध्ये. वेबपी हा गूगलनेच २०१० मध्ये आणलेला चित्रांचा प्रकार; आज वेबवरची असंख्य चित्रं त्यात असतात. गूगलने ११ सप्टेंबरला क्रोम दुरुस्त केलं, दुसऱ्या दिवशी फायरफॉक्सची दुरुस्तीही आली. या चुकीचा नोंदणी क्रमांक सीव्हीई-२०२३-४८६३.

चूक समजायला कळमन्याच्या बाजारात चला. समजा, आंबिया बहाराची संत्री येताहेत. अडत्याने हिशेब करून ठेवलाय: एका गाडीत जास्तीत जास्त इतक्या पेट्या, म्हणून तेवढीच जागा रिकामी. वेबपीचं कोडही असंच करायचं. चित्र लहान व्हावं म्हणून ते हफमनच्या पद्धतीने बांधलेलं असतं. ही पद्धत १९५२ ची. ते सोडवायला एक तक्ता लागतो आणि तक्त्याला मेमरीत किती जागा लागेल, ते गणिताने आधीच काढलेलं होतं. गणित चुकलं नव्हतं. ते फक्त नीट बांधलेल्या चित्रांसाठी होतं. मुद्दाम वेडंवाकडं रचलेलं चित्र आलं की तक्ता ठरलेल्या जागेबाहेर वाढायचा, आणि चित्र खोटं आहे हे कोडला कळेपर्यंत पेट्या शेजारच्या अडत्याच्या गाळ्यात उतरलेल्या असायच्या. त्या गाळ्यात त्याची हिशेबाची वही असते. वहीत काय लिहिलं जावं हे हल्लेखोराने ठरवलं, की कॉम्प्युटर त्याचं ऐकू लागतो. यात तुम्ही कुठेही क्लिक करायची गरज नाही. पान उघडलं, चित्र दिसलं, बस्स.

दुरुस्ती अगदी अडत्याच्या अकलेची आहे: आधी गाडी मोजा, जागा कमी असेल तर वाढवा, मग उतरवा. पण हेच कोड एज, ब्रेव्ह, ऑपेरा आणि कितीतरी ॲप्समध्ये होतं, त्यामुळे प्रत्येकाला आपापली गाडी थांबवावी लागली.

आपल्या बाजूचं काम मात्र अर्ध्या मिनिटाचं. क्रोममध्ये तीन टिंबं, मग मदत, मग गूगल क्रोमविषयी. नवी आवृत्ती आपोआप उतरते, पण ब्राउझर बंद करून पुन्हा उघडेपर्यंत जुनीच चालत राहते. लोक नेमके इथेच अडकतात. मोबाइलवर प्ले स्टोअरमधून अपडेट करा. आयफोनची सफारी आयओएसच्या अपडेटबरोबरच दुरुस्त होते. कॉम्प्युटर विंडोज ७ वर असेल तर क्रोम १०९ पाशीच थांबलंय. तिथे बटण दिसणारच नाही, आणि ही शांतता जास्त धोक्याची. अशा मशीनवर बँकेचं काम करू नये, एवढंच सांगतो.

भाऊंनी शेवटी बटण दाबलं. टॅब सगळे परत आले. गुप्त खिडकीतले तेवढे येत नाहीत. माझा अर्धा भरलेला फॉर्म मात्र कोरा झाला होता. तेव्हा आधी फॉर्म सबमिट करा, मग बटण दाबा.