जीभ झिणझिणते, अंग आंबते!

शेजवान चटणीची बाटली आज कोणाच्या घरी नाही? नाक्यावरच्या गाडीपासून मुलांच्या शाळेच्या डब्यापर्यंत तिने मजल मारली आहे. डोशात शेजवान, वडापावात शेजवान! पण ज्या प्रांताचे नाव लावून ही चटणी मिरवते, त्या सिच्वान प्रांतातल्या एखाद्या आचाऱ्याला ती बाटली दाखवा. तो ती उलटसुलट करून पाहील, वास घेईल आणि अदबीने परत करील. मंचुरियनबद्दल तर बोलायलाच नको. तो आपल्या मुंबईचाच सुपुत्र आहे.

हे मी ऐकीव सांगत नाही, बरे का! २०२३ च्या ऑगस्टमध्ये ह्यांच्या कंपनीने ह्यांना सिच्वानच्या राजधानीत, चेंगदूला पाठवले आणि पाठोपाठ मीही बोचकीबाचकी घेऊन तिथे दाखल झाले. दोन कोटींहून अधिक वस्तीचे हे शहर. आभाळ बाराही महिने कुंद. ऊन इतके दुर्मीळ की इथली कुत्री सूर्य दिसला की भुंकतात, अशी चिनी भाषेत म्हणच आहे. मात्र खाण्याच्या बाबतीत गावाचा दरारा मोठा. युनेस्कोने २०१० साली 'पाककलेचे शहर' म्हणून ज्यांची निवड केली, त्यांत आशियातले पहिले नाव चेंगदूचे.

हे सकाळी आठाला बाहेर पडत ते रात्री सातला परत. मी घरी. दुकानाची पाटी वाचता येत नाही, औषधाच्या बाटलीवरचे अक्षर कळत नाही, शेजारीण काय म्हणते ते उमगत नाही. पदवी घेतलेली बाई एकोणपन्नासाव्या वर्षी एकदम निरक्षर! खिशातला मोबाईल भाषांतर करून देतो खरा, पण मोबाईलशी गप्पा किती मारणार? त्यात रत्नागिरीहून निघतानाच डावा खांदा धरलेला. हात कानाच्या वर जाईना. केसांचा अंबाडा घालायचा तर ह्यांना हाक मारावी लागे, आणि ह्यांनी घातलेला अंबाडा म्हणजे काय ते वाचक भगिनींना सांगायला नको.

अशा दिवसांत पहिली ओळख निघाली ती माणसाशी नव्हे, एका मसाल्याशी. कोपऱ्यावरच्या खाणावळीत नूडल्सचा वाडगा समोर आला. पहिला घास तिखट लागला, दुसरा अधिक तिखट, आणि तिसऱ्या घासाला ओठ चक्क थरथरू लागले. जिभेला मुंग्या आल्या. हे घाबरून पाण्याचा पेला शोधू लागले (तो मिळाला, पण गरम पाण्याचा! चिनी माणूस उन्हाळ्यातही गरमच पाणी पितो). मी मात्र चॉपस्टिक्सच्या टोकाने वाडग्यातली एक फुटलेली लालसर बी उचलली आणि ओरडलेच, "अहो, हे तर तिरफळ!"

कोकणात ज्यांचे आजोळ आहे त्यांना तिरफळाची थोरवी माहीत आहे. बांगड्याच्या कालवणात चार तिरफळे पडली नाहीत तर ते कालवण कसले? सिच्वानमधले 'ह्वाज्याओ' हे त्याचेच सख्खे चुलत भावंड. झाडाला तसेच काटे, फळ वाळले की तसेच उकलते, आतली काळी बी तशीच टाकून द्यायची आणि वरचे टरफल वापरायचे. दोन्ही झाडे लिंबाच्या गोतातली, म्हणून वासालाही लिंबाची झाक. आपण चार घालतो तिथे हे लोक मूठभर घालतात, इतकाच फरक! लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांनी २०१३ साली लोकांच्या ओठांना ह्वाज्याओ लावून मोजमाप केले, तेव्हा ती थरथर सेकंदाला सुमारे पन्नास कंपनांची भरली. म्हणजे आपल्याला होतो तो भास अगदीच निराधार नव्हे.

या झिणझिणीला चिनी शब्द 'मा', आणि तिखटाला 'ला'. दोन्ही मिळून 'मा-ला' ही सिच्वानची चव. गंमत अशी की यातले 'ला' इथले मूळचे नाहीच. मिरची अमेरिकेतून निघाली. आपल्याकडे ती पोर्तुगिजांनी आणली आणि चीनमध्ये सोळाव्या शतकाच्या अखेरीस पोहोचली. तिथे प्रथम ती शोभेचे रोप म्हणून वाढवीत! आज सिच्वानमध्ये मिरचीवाचून चूल पेटत नाही. मिरची आणि वालासारख्या मोठ्या दाण्याची शेंग मिठात मुरवून 'दोबानज्यांग' करतात. शहराबाहेरच्या पिश्यान भागात त्याचे मोठमोठे मातीचे रांजण उघड्यावर असतात. ऊन असले की झाकण काढून ढवळायचे, पाऊस आला की झाकायचे. आपल्या आज्या लोणच्याच्या बरणीला जपत, तसे.

आता पदार्थांच्या नावांविषयी. मोबाईल भाषांतर करून सांगतो : 'नवराबायकोच्या फुप्फुसाचे काप', 'झाडावर चढणाऱ्या मुंग्या', 'मासळीच्या वासाची वांगी'. बाई घाबरेल नाही तर काय करील? मुंग्या म्हणजे शेवयांना चिकटलेला खिमा. फुप्फुसाच्या कापांत फुप्फुस बहुधा नसते. पण गायीबैलांचे इतर अवयव असतात, तेव्हा आपल्यापैकी पुष्कळांनी दुरूनच नमस्कार केलेला बरा. वांग्यांत मात्र मासळी औषधालाही नाही! मासळीला लावतात तो आले-लसूण-मिरचीचा मसाला वांग्यांना लावला, एवढाच त्या नावाचा अर्थ. 'मापो दोफू' म्हणजे देवीचे व्रण असलेल्या बाईचे टोफू. चेन आडनावाच्या अशा एका खाणावळवालीने १८६२ च्या सुमारास, तेल वाहणाऱ्या हमालांसाठी तो पदार्थ प्रथम केला, असे सांगतात. त्यातही गोमांसाचा खिमा असतो.

मी मासे खाणारी. गोमांस मात्र नाही. म्हणून मी जे पहिले चिनी वाक्य पाठ केले ते 'नमस्कार' नव्हे, 'वो बू छ न्यूरोउ' – मी गोमांस खात नाही. नव्याने जाणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. नुसते 'रोउ', म्हणजे मांस, म्हटले की चिनी माणूस डुकराचे समजतो. 'मांस नको' म्हणावे तरी भाजीवर चिमूटभर खिमा भुरभुरून येतो, कारण त्यांच्या हिशेबी ते मांस नव्हे, मसाला! शुद्ध शाकाहारी माणसाने सरळ बौद्ध मठाची वाट धरावी. चेंगदूच्या वेनशू मठातल्या भोजनगृहात सोयाबीन आणि गव्हाच्या सत्त्वापासून केलेली 'मासळी' आणि 'बदक' मिळते. कडक नेम पाळणाऱ्या भिक्षूंना कांदा-लसूणही वर्ज्य. थेट आपला चातुर्मासच!

हॉटपॉटबद्दल थोडक्यात सांगते. टेबलाच्या मध्यभागी उकळता रस्सा, त्यात आपापले तुकडे शिजवून खायचे. लाल रश्श्यात परंपरेने बैलाची चरबी असते. आमच्यासारख्यांनी वनस्पती तेलाचा रस्सा मागावा, तोही मिळतो. भांड्याचे दोन भाग करून एकीकडे लाल आणि दुसरीकडे पांढरा रस्सा घेता येतो, आणि त्या भांड्याला नाव काय, तर बदकांच्या जोडप्याचे! चीनमध्ये ही बदके दांपत्यप्रेमाची खूण. आमच्या घरी लाल बाजू माझी आणि पांढरी ह्यांची.

एवढे सगळे शिकवले ते शेजारच्या 'आयी'ने. चिनी भाषेत 'आयी' म्हणजे मावशी. वडील बाईलाही आयी म्हणायचे आणि घरकामाला येणारीलाही आयीच. अगदी आपल्या मावशीसारखे. उच्चार मात्र 'आई'च्या इतका जवळ की पहिल्या दिवशी हाक मारताना घसा दाटून आला. पासष्टीच्या या बाई मला रेन्मिन उद्यानातल्या हमिंग चहागृहात घेऊन गेल्या. १९२३ सालचे ते चहागृह. वेताच्या खुर्च्या, झाकणाच्या वाट्यांत चहा, मोगऱ्यासारखा वास, आणि टेबलांमधून फिरणारे कान कोरणारे! कपाळाला दिवा, हातात लांब सळया आणि एक चिमटा, जो ट्यँव करून वाजवून कानाशी धरतात. आपल्या चौपाटीवरचे कानमैले आणि चंपीवाले आठवले. 'प्यासा'तला (१९५७) जॉनी वॉकरही डोळ्यांसमोर उभा राहिला. कान मी कोणाच्या हाती दिला नाही. पण वाटी उचलताना माझा डावा हात मध्येच अडला, ते आयींनी पाहिले. त्यांनी खांद्याला बोट लावले आणि हसून म्हटले, "वूशृज्येन!" मोबाईलने सांगितले : 'पन्नाशीचा खांदा'. या दुखण्याला तिथे हेच नाव आहे. मला तर एक वर्ष कमीच होते!

त्या मला अंध मालिशवाल्यांच्या दुकानात घेऊन गेल्या. चीनमध्ये मालिश, म्हणजे 'थ्वेइना', हा दृष्टिहीनांचा मानाचा व्यवसाय आहे. १९५० नंतरच्या दशकात सरकारने त्यांच्यासाठी शिक्षणवर्ग काढले आणि आज गावोगाव अशी दुकाने आहेत. बी फेइयू यांनी त्यांच्या जीवनावर 'थ्वेइना' नावाची कादंबरी २००८ साली लिहिली. तिला माओ दुन पारितोषिक मिळाले आणि २०१४ साली तिच्यावर चित्रपटही निघाला.

मध्यमवर्गीय मराठी बाईने परक्या पुरुषाकडून अंग रगडून घ्यायचे, म्हणजे पोटात गोळा येणारच. मी दारातूनच परतण्याच्या बेतात होते. पण ना तेल, ना कपडे उतरवणे! पुरत्या कपड्यांनिशी पालथे झोपायचे, अंगावर स्वच्छ चादर, आणि चादरीवरूनच सारे काम. शेजारच्या खाटेवर एक आजीबाई घोरत होत्या. मालिशवाल्याला 'शृफू' म्हणायचे, म्हणजे आपले उस्ताद. चाळिशीचे असावेत. आयींनी माझी कुळकथा सांगितली असावी, कारण ते हसून काही बोलले. मोबाईलने भाषांतर केले : "तुम्हाला पाट्या वाचता येत नाहीत, मलाही येत नाहीत. चला, बरोबरी झाली."

मग त्यांनी मुठीची मागची बाजू लाटण्यासारखी पाठीवरून फिरवायला सुरुवात केली. मानेच्या खळगीत अंगठा, खांद्याच्या फऱ्याखाली कोपर. आणि प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न : "स्वान?" मोबाईल म्हणाला, "आंबट?" पाठ आंबट कशी असेल? मी पुन्हा विचारले, पुन्हा उत्तर तेच. चिनी भाषेत व्हिनेगरची चव जशी 'स्वान', तसेच स्नायूंचे ठसठसणेही 'स्वान'.

आणि एकाएकी माझ्या डोक्यात उजेड पडला. अहो, दिवाळीच्या चकल्या पाडून आपले हात काय होतात? आंबून जातात! सत्यनारायणाच्या दिवशी उभे राहून पाय काय होतात? आंबतात! हजारो मैलांवरच्या या दोन भाषांनी दुखऱ्या अंगाला एकच चव दिली आहे, आणि आपण आयुष्यभर तो शब्द वापरूनही तिकडे कधी लक्ष दिले नाही. पुढे हातात मुंग्या आल्या तेव्हा मीच म्हणाले, "मा!" तिरफळाचाच तो शब्द. शृफू खदखदून हसले. चेंगदूत आल्यापासून एका माणसाने माझे म्हणणे मोबाईलवाचून समजून घेतले होते, आणि ते सांगायला मला खाणावळीत शिकलेला शब्द पुरला होता.

त्यांचे निदान असे की अंगात ओल, म्हणजे 'शृछी', शिरली आहे. सिच्वानी माणूस तिखट खातो तेही ही ओल घालवायला, असे तिथे सगळे म्हणतात. आपली आजी सगळे वातावर ढकलायची, त्यातलाच हा प्रकार. मी मान डोलावली आणि रत्नागिरीच्या डॉक्टरांनी दिलेले व्यायामही चालू ठेवले. आठवड्यातून दोनदा, असे चार महिने गेले, तेव्हा हात डोक्यावरून मागे गेला. असा खांदा कालांतराने आपोआपही सुटतो, हे डॉक्टरांनी बजावले होते. तेव्हा श्रेय शृफूंचे किती, व्यायामाचे किती आणि काळाचे किती, याची वाटणी मी करत बसले नाही. मी अंबाडा घातला!

जाणाऱ्यांसाठी दोनचार गोष्टी. रक्त पातळ होण्याचे औषध चालू असेल, हाडे ठिसूळ असतील, दिवस गेले असतील किंवा मधुमेहाने पायांची संवेदना कमी झाली असेल, तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे आणि तिथेही सांगावे. भरल्या पोटी जाऊ नये. पेले लावण्याचा प्रकार केलात तर पाठीवर जांभळे चट्टे उठतात आणि आठवडाभर राहतात. २०१६ च्या ऑलिंपिकमध्ये पोहणाऱ्या मायकेल फेल्प्सच्या खांद्यावर सगळ्या जगाने पाहिले, तेच हे. आणि गुलाबी दिव्यांची दुकाने वेगळ्या कामाची असतात, तिकडे वळू नये.

गेल्या दिवाळीत नरकचतुर्दशीला चेंगदूतल्या आमच्या न्हाणीघरात मी ह्यांना तेल लावले, उटणे लावले. शृफूंना सांगितले की आमच्याकडे वर्षातून एक दिवस साऱ्या घराने पहाटे मालिश करून घ्यायचे असते. "सगळ्यांनी? एकाच दिवशी? मग मालिश करणारे दमत नाहीत?" त्यांना व्यवसायाची काळजी! मी म्हटले, घरातल्या बायका करतात. "मग त्यांची कोण करतं?" या प्रश्नावर मी मोबाईल खिशात टाकला.

यंदा रत्नागिरीहून परतताना मुठीएवढ्या पुडीत तिरफळे नेली. शृफूंनी एक बोटांत चुरडले, नाकाशी नेले. "ह्वाज्याओ," ते लगेच म्हणाले. मग पुन्हा हुंगले. "पण आमचं नव्हे." एक दाताखाली धरले, थोडा वेळ थांबले आणि समाधानाने म्हणाले, "मा." हे कशात घालतात, असे त्यांनी विचारले. मी बांगड्याचे वर्णन केले : समुद्रातला मासा, बोटभर जाड, अंगावर पट्टे. समुद्र इथून फार लांब, ते म्हणाले. नदीतला कार्प चालेल का?

मी म्हटले, चालवून पाहा. मात्र चारच घाला, मूठभर नको.