कापलेलं टोक

सकाळी 7
मुलुंड पश्चिमेला आईच्या खोलीची खिडकी नॅशनल पार्कच्या डोंगरांकडे उघडते. डोंगर देखणे, पण मे महिन्यात दुपारी तीननंतर ऊन थेट तिच्या पलंगावर येतं. म्हणून लाकडी पट्ट्यांचा तयार ब्लाइंड आणलाय, 1200 मिलिमीटर रुंदीचा. खिडकीची मापं घेतो: वर 1168, मध्ये 1165, खाली 1170. गिलावा ओळंब्यात क्वचितच असतो, तेव्हा सर्वांत लहान माप धरायचं. त्यातून दोन्ही बाजूंना एकेक सूत मोकळं सोडायचं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटरच्या जरा वर. म्हणजे पट्टी हवी 1159 ची. जास्तीचे 41 मिलिमीटर दोन्ही टोकांकडून निम्मे निम्मे काढायचे. सगळे एकाच बाजूने काढले तर दोऱ्यांची भोकं मध्यापासून सरकतात आणि ब्लाइंड तिरका उचलला जातो.

9 वाजता
तळपट्टीची बुचं काढून गाठी सोडल्या, दोऱ्या वर ओढून घेतल्या आणि एकेक पट्टी बाहेर सरकवली. वरच्या पत्र्याच्या पेटीत टोकाजवळ पट्ट्या फिरवणारी यंत्रणा असते. तिला धक्का न लावता कापायला जागा आहे ना, ते आधी पाहिलं. मग हॅक्सॉ, मग कानस.

साडेदहा
पट्ट्यांचा गठ्ठा दोन टाकाऊ फळ्यांमध्ये धरून क्लॅम्पने आवळला. रेघेवर मास्किंग टेप, गुण्याने खूण, बारीक दातांची करवत. वरखाली फळ्या नसतील तर कडेच्या पट्ट्यांचा कपचा उडतो. जेवणाआधी दोन्ही टोकं झाली.

दुपारी 2
सोसायटीत चारपर्यंत ठोकाठोक बंद. ही वेळ मला सर्वांत मोलाची वाटते, कारण खरं काम आता आहे. कारखान्यातून आलेल्या पट्टीला चारही बाजूंनी रंग असतो. करवतीने टोकाचं लाकूड उघडं पाडलं. लाकडाचे तंतू लांबीच्या दिशेने नळ्यांसारखे जातात, त्यामुळे कापलेलं टोक पृष्ठभागापेक्षा कितीतरी वेगाने ओल पितं. लांबीत लाकूड जवळजवळ वाढत नाही, पण रुंदीत फुगतं. मग टोकाशी रंग सुटतो आणि पट्टीला बाक येतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस झेलणाऱ्या उपनगरात हे टोक उघडं ठेवणं म्हणजे चांगलं लाकूड वाया घालवणं. असे ब्लाइंड दिसले की जीव हळहळतो.

220 नंबरच्या पॉलिश पेपरने टोकं गुळगुळीत केली, भुसा पुसला. लाखेचं पॉलिश दमट हवेत पांढुरकं पडतं, म्हणून पीयूचा (पॉलियुरेथेनचा) हात दिला. तो सुकला की दुसरा.

साडेपाच
भिंतीत ब्रॅकेट बसवले, पेटी अडकवली, पट्ट्या पुन्हा ओवल्या. आई दारातून म्हणाली, "अरे, दोरी वर बांध हं, शेजारची बाळं येतात खेळायला." बरोबरच आहे तिचं. लोंबत्या दोरीचा फास लहान मुलांच्या गळ्याला बसू शकतो. खुंटी तिच्या हाताला पुरेल, पण मुलांना पोचणार नाही इतक्या उंचीवर ठोकली.

खिडकीच्या उंचीला काही पट्ट्या जास्त झाल्या. त्यांच्याही टोकांना पीयू लावलाय. पुढेमागे एखादी वाकली, तर बदलायला घरातच असतील.