दार उतरतं, दोष कुलपाला

इंग्लंडमध्ये ऑक्टोबरची पहिली थंडी पडली की मागच्या बागेकडे उघडणारं काचेचं दार हट्टाला पेटतं. उन्हाळाभर ते सताड उघडं असतं, म्हणून त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. आता ते घट्ट लावायचं असतं आणि हँडल अर्ध्यावरच अडतं. एक जण खांद्याने दार दाबतो, दुसरा किल्ली फिरवतो, त्या दिवसापुरतं भागतं. काही आठवड्यांनी खांदाही पुरत नाही. मग ‘कुलूप गेलं’ असा निकाल देऊन घर मोकळं होतं. ही दारं रोज दुरुस्त करणारा कारागीर मात्र कुलपाकडे सगळ्यात शेवटी पाहतो.

हे दार असतं कॉन्झर्व्हेटरीचं, म्हणजे घराच्या पाठीला जोडलेल्या काचेच्या खोलीचं. स्लाव, हॅरो किंवा मिल्टन कीन्समध्ये जुनं घर घेतलेल्या मराठी कुटुंबालाही ही खोली बरेचदा घराबरोबरच मिळते. मेमध्ये तिथे चहाच्या खुर्च्या असतात, नोव्हेंबरात तुळशीच्या आणि कढीपत्त्याच्या कुंड्या आत येतात. खोलीच्या मूळ स्वभावाला हे धरूनच आहे. सतराव्या शतकापासून इंग्रज उमराव संत्र्या-लिंबांची झाडं थंडीत जगवायला ‘ऑरेंजरी’ बांधत. काच महाग होती, शिवाय तिच्यावर कर होता. 1845 मध्ये काचेवरचं अबकारी शुल्क उठलं, 1848 मध्ये क्यू बागेतलं पाम हाऊस पुरं झालं आणि 1851 मध्ये जोसेफ पॅक्स्टनचा क्रिस्टल पॅलेस हाइड पार्कमध्ये उभा राहिला. वितळलेल्या कथिलावर काच पसरवून ती सपाट करण्याची पद्धत पिल्किंग्टन कंपनीने 1959 मध्ये जाहीर केली. मोठी सपाट काच त्यामुळे स्वस्त झाली. पुढे जर्मनीत रुळलेल्या यूपीव्हीसी प्लास्टिकच्या चौकटी ब्रिटनमध्ये पसरल्या आणि उमरावांची चैन साध्या जोडघरामागे येऊन बसली.

इंग्लंडच्या बांधकाम-नियमांनीही या खोलीला थोडी सूट दिली आहे. जमिनीलगतची, 30 चौरस मीटरपेक्षा लहान कॉन्झर्व्हेटरी काही अटींवर बऱ्याच नियमांतून सुटते. त्यातली एक अट अशी, की मूळ घर आणि ही खोली यांच्यामध्ये बाहेरच्या दर्जाची भिंत, खिडकी किंवा दार असलंच पाहिजे. त्यामुळे अशा घरात बहुधा दोन दारं असतात, एक खोलीत शिरायचं आणि एक बागेत उतरायचं. दोन्हींचं यंत्र जवळपास सारखंच, आणि दोन्हींची दुखणीही.

यंत्राची ओळख

दाराची चौकट पोकळ यूपीव्हीसीची असते. आत कप्पे असतात आणि जिथे जोर हवा तिथे पोलादी पट्ट्या. उष्णतेने हे प्लास्टिक पोलादाच्या पाच-सहा पट प्रसरण पावतं. दोन मीटरची सुटी पट्टी तीस अंशांनी तापली तर सुमारे चार मिलिमीटरनी लांबते. आतलं पोलाद तिला आवरतं, तरी दक्षिणेकडे तोंड असलेलं गडद रंगाचं दार जुलैच्या दुपारी अडतं आणि संध्याकाळी गुपचूप सुटतं. असा त्रास असेल तर दुपारीच हत्यारं काढू नयेत. गरम दाराला बसवलेलं माप थंडीत सैल पडतं.

या चौकटीत दुहेरी काच बसते. काचेचं वजन जाडीच्या दर मिलिमीटरला चौरस मीटरमागे अडीच किलो. चार-चार मिलिमीटरच्या दोन काचा म्हणजे चौरस मीटरला वीस किलो. हा सगळा भार एका बाजूच्या बिजागऱ्यांवर लटकतो. हँडलकडचा कोपरा वर्षानुवर्षं खाली ओढला जातो आणि दार उतरतं. उतरण दोन-तीन मिलिमीटरच असते, पण कुलपाला तेवढी पुरते.

कारण हे कुलूप एका जागी नसतं. दाराच्या कडेला जवळपास वरपासून खालपर्यंत धातूची पट्टी असते. तिच्यावर मधे लॅच, आणि वर-खाली आकडे किंवा फिरते खुंट. हँडल वर उचललं की मधला गिअरबॉक्स ही पट्टी सरकवतो आणि सगळे आकडे समोरच्या चौकटीतल्या खाचांत शिरतात. मग किल्ली फिरवायची. दार उतरलं की आकडे खाचांच्या समोर येत नाहीत, कडेवर आपटतात. हाताला लागतो तो अडथळा हाच. जोर करत राहिलं तर शेवटी गिअरबॉक्समधला ओतीव धातूचा लहानसा भाग तुटतो, आणि तेव्हा कुलूप खरोखरच जातं.

दुरुस्तीच्या पहिल्या पायरीला हत्यार लागतच नाही. दार पूर्ण उघडं ठेवावं आणि हँडल वर उचलावं. उघड्या दारात ते हलकं चालत असेल आणि लावल्यावर जड होत असेल, तर कुलूप ठीक आहे, दाराची रेषा चुकली आहे. उघड्या दारातही ते अडत असेल, तर दोष कुलपाच्या पोटात. किल्लीची चाचणीही तशीच. दार उघडं असताना हँडल उचलून किल्ली फिरवावी. तेव्हाही ती अडली, तर सिलिंडर, म्हणजे किल्ली जिच्यात फिरते ती नळी, किंवा गिअरबॉक्स पाहावा.

उतरलेलं दार उचलणं

रेषा चुकली असेल तर आधी फटी पाहाव्यात. दार लावून चौकटीभोवतीची फट चारी बाजूंनी न्याहाळली की उतरण दिसते. हँडलकडे वर फट रुंद आणि खाली दार उंबरठ्याला टेकलेलं, हे नेहमीचं चित्र.

सोपा उपाय बिजागऱ्यांत असतो. अनेक बिजागऱ्यांची प्लास्टिकची झाकणं काढली की आत ॲलन कीचे स्क्रू दिसतात. एक दार वर-खाली करतो, दुसरा डावी-उजवीकडे सरकवतो. दार रबरावर किती दाबून बसावं तेही काही बिजागऱ्यांत ठरवता येतं. पाव फेऱ्याने फिरवावं, दार लावून पाहावं, मग पुढचा पाव फेरा. उंची वाढवताना सगळ्या बिजागऱ्या सारख्याच फिरवाव्यात. एकीलाच उचललं तर सगळा भार तिच्यावर येतो.

बिजागऱ्यांनी भागलं नाही, तर काचेकडे वळायचं. लाकडी फाटकाला खालच्या बिजागरीपासून वरच्या कोपऱ्याकडे तिरपी पट्टी ठोकलेली असते. फाटकाचा भार तीच पेलते. यूपीव्हीसीच्या दारात तिरप्या पट्टीचं काम काच करते. काच आणि चौकट यांच्यामध्ये प्लास्टिकच्या चपट्या पाचरी ठरावीक कोपऱ्यांत दाबून बसवलेल्या असतात. बिजागरीच्या बाजूला तळाशी, आणि तिथून तिरपं वर हँडलच्या बाजूला माथ्याशी. चौकटीला लटकू न देता काच तिला तिरपी ताणून धरते. कारखान्यात ही पाचर सैल बसली असेल किंवा नंतर सरकली असेल, तर दार उतरणारच.

पाचरी बदलायला काच पूर्ण काढावी लागत नाही, पण दोन माणसं हवीतच. काच धरून ठेवणाऱ्या बीडिंगच्या पट्ट्या निघाल्या की काच अंगावर येऊ शकते. लांबी भरायची पत्री किंवा बोथट पटाशी लांब पट्टीच्या मध्यावर घालून हळूच उचकटावी. उभ्या पट्ट्या आधी, आडव्या नंतर. कुठली कुठे होती त्याची खूण मागच्या बाजूला करून ठेवावी, कारण दिसायला सारख्या पट्ट्या मापाने सारख्या नसतात. बिजागरीकडच्या खालच्या कोपऱ्यातल्या पाचरी जागच्या जागी आहेत ना ते पाहावं. मग हँडलकडच्या वरच्या कोपऱ्यात काच आणि चौकट यांच्यामध्ये प्लास्टिकची पहार घालून फट थोडी वाढवावी आणि नवी पाचर सरकवावी. दार लावून पाहावं. कोपरा दोन-तीन मिलिमीटर वर आला की हँडल हलकं होतं. पट्ट्या परत बसवताना क्रम उलटा, आडव्या आधी, उभ्या शेवटी, रबरी हातोड्याने ठोकून. दाराची काच टणक केलेली असते. समोरून ती बराच मार सोसते, पण कडेला धातू लागला तर क्षणात चुरा होते. म्हणून हातमोजे, चष्मा, आणि धातूच्या पहारेला बंदी.

दोन झडपांच्या दारात एक झडप आधी बंद होते आणि वर-खाली कड्या सरकवून घट्ट होते. दुसरी तिच्यावर येऊन लागते. पहिली झडप सैल असेल तर दुसरी कधीच नीट बसत नाही. उंबरठ्यातल्या कडीच्या भोकात माती आणि सुकी पानं साचतात, कडी अर्धीच शिरते. दाराशी झुंजण्याआधी हे भोक काडीने साफ करून पाहावं.

कुलूप, किल्ली, रूळ

दोष खरोखरच किल्लीच्या सिलिंडरमध्ये असेल तर काम सोपं आहे. दार उघडून कडेच्या पट्टीवर किल्लीच्या पातळीतला एकच लांब स्क्रू काढायचा. किल्ली घालून थोडी फिरवायची, आतला फिरता दात सिलिंडरच्या रेषेत आला की सिलिंडर बाहेर सरकतो. माप घ्यायचं ते स्क्रूच्या भोकाच्या मध्यापासून दोन्ही टोकांपर्यंत वेगवेगळं. 35 आणि 45 मिलिमीटरचा सिलिंडर 40-40 च्या जागी चालत नाही. नवा सिलिंडर हँडलच्या बाहेर ठळक डोकावता कामा नये. चोर बाहेर आलेलं टोक पकडून तो स्क्रूच्या भोकापाशी मोडतात, कारण तिथे धातू सगळ्यात कमी असतो. म्हणून ब्रिटनमध्ये टीएस 007 प्रमाणाचे तीन ताऱ्यांचे सिलिंडर घ्यावेत असं सांगतात.

गिअरबॉक्सचंही तसंच. बरेचदा सगळी पट्टी न बदलता मधली पेटीच बदलता येते. किल्लीच्या मध्यापासून हँडलच्या दांड्याच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजावं, ब्रिटनमध्ये ते बहुधा 92 मिलिमीटर असतं. दाराच्या कडेपासून किल्लीच्या मध्यापर्यंतचंही मोजावं, ते पुष्कळदा 35. पट्टीवर बनवणाऱ्याचं नाव किंवा खूण कोरलेली असते, तिचा फोटो दुकानात दाखवावा. दार बंद अवस्थेत गिअरबॉक्स तुटला असेल, तर मात्र कुलूपवाल्याला बोलवावं. तिथे घरच्या जोराने चौकट फुटते.

सरकत्या दाराचं दुखणं खाली असतं. मुंबईत बाल्कनीच्या ॲल्युमिनियमच्या स्लायडिंगचं बेअरिंग बदलून घेतलेल्या कुणालाही ते लगेच समजेल. रुळातली वाळू आधी ब्रशने आणि व्हॅक्यूमने काढावी. मग दाराच्या टोकाला तळाशी असलेल्या भोकातून स्क्रू-ड्रायव्हर घालून चाकांची उंची वाढवावी. दार लाकडी पाचरीवर किंचित उचलून धरलं तर स्क्रू हलका फिरतो. चाक झिजून सपाट झालं असेल तर तेच बदलावं. रूळच खाचला असेल तर नवं चाकही फार काळ टिकत नाही.

पाणी, वारा, वाफ

उंबरठ्याशी पाणी दिसलं की हात सिलिकॉनकडे जातो. चौकटीत शिरलेलं पावसाचं पाणी बाहेर टाकायला खालच्या बाजूला लहान खाचा ठेवलेल्या असतात. मातीने, मुंग्यांनी किंवा आधीच्याच सिलिकॉनने त्या बुजल्या की पाणी आत वळतं. तारेने त्या मोकळ्या कराव्यात, बाहेरच्या खाचा कधीही बंद करू नयेत. वारा येत असेल तर रबरी पट्टी पाहावी. कोपऱ्यांत ती आखडते. नवी बसवताना न ताणता, किंचित जास्त लांब कापावी.

दोन काचांच्या मध्ये वाफ साचली, तर कडेचा बंद सुटला आहे आणि ओल शोषणारे दाणे भरून गेले आहेत. पुसून किंवा भोक पाडून ते बरं होत नाही. पण बदलायची असते फक्त काचेची जोडी, दार नव्हे. आतल्या पृष्ठभागावरचं दव मात्र खोलीतल्या दमटपणाचं, आणि पहाटे बाहेरून आलेलं दव हे काच उष्णता नीट अडवत असल्याचं लक्षण.

घरच्या हातांनी थांबावं अशी एक जागा आहे. जुन्या कॉन्झर्व्हेटरींचा पाया पुष्कळदा घराच्या पायापेक्षा उथळ असतो. लंडनची चिकणमाती कोरड्या उन्हाळ्यात आकसते. 19 जुलै 2022 रोजी लिंकनशायरमधल्या कोनिंग्जबीला 40.3 अंश तापमान नोंदलं गेलं, त्या वर्षीच्या कोरड्या जमिनीने अनेक खोल्या घरापासून ओढल्या. दार दर वर्षी नव्याने उतरत असेल आणि खोली-घराच्या सांध्यात तडा रुंदावत असेल, तर पाचरी मारत बसू नये. बांधकामाच्या जाणकाराला आणि विमा कंपनीला कळवावं.

एरवी वर्षातून एकदा, थंडीआधी, आकड्यांना आणि बिजागऱ्यांना हलकं तेल द्यावं. सिलिंडरमध्ये तेल न घालता कोरडं वंगण घालावं, तेलात धूळ चिकटते. आणि रोज दार लावताना हँडल पूर्ण उचलावं. नुसत्या लॅचवर सोडलेली झडप उन्हाने वर-खाली बाहेर वळते. चौकट सहसा झिजत नाही. झिजतात ती चाकं, रबर, सिलिंडर, गिअरबॉक्स, आणि सरकतात त्या पाचरी. ‘अख्खं दारच बदला’ असं सांगणाऱ्याला आधी विचारावं, यातलं नेमकं काय गेलं आहे. उघड्या दारात हँडल एकदा उचलून पाहिलेल्या घरमालकाला उत्तर बहुधा त्याच्याआधी माहीत असतं.