ड्रोनला नंबर आहे, पण उडवणाऱ्याचं काय?

ताईंनो, अंधेरी-घाटकोपरच्या हळदीत आता डोक्यावर ड्रोन फिरतोच. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार त्याची सरकारकडे नोंदणी करून नंबर घ्यावा लागतो. त्याने सुरक्षा वाढते का? थोडीशीच. गाडीच्या नंबरप्लेटसारखं आहे, मालक सापडतो, पण पडायचा तो ड्रोन पडतोच. हौसेने उडवणाऱ्याला २ किलोपर्यंत परवानाच लागत नाही, म्हणजे हात बसलाय का हे कुणी बघत नाही! २५० ग्रॅमवरचा ड्रोन पैसे घेऊन उडवणाऱ्याला मात्र परवाना आणि विमा दोन्ही लागतात. पोराबाळांना लागलं तर भरपाई मागताना नंबर कामाला येतो, तो इथे. अंधेरीला तर विमानतळ शेजारीच, तिथे परवानगीशिवाय उडवायचाच नाही. फोटोवाल्याला ॲडव्हान्स देण्याआधी हे कागद बघायला मागा.